मामीजींचा दुसरा डबा

ऐकू येणाऱ्या कोणत्याही कानाला ही गोष्ट मी आजवर सांगितलेली नाही. माझ्या सासूबाईंनी कोठडीतल्या एका माणसासाठी आणलेला डबा मी खाल्ला होता, आणि त्या डब्यापायी त्या माणसाचा डावा कान कायमचा गेला. पोलिसातली नोकरी सोडून मला काही वर्षं झाली, सासूबाईही आता नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही असं लिहिणार होतो. पण हरकत तेव्हाही नव्हती. हिंमत नव्हती.

तर आधी सासूबाई. आमच्या गोंदिया जिल्ह्यात, विशेषतः जंगलाकडच्या पट्ट्यात, त्या काळी पोलिसांना भिणारी माणसं पुष्कळ होती, जंगलातल्या बंदूकवाल्यांना भिणारी त्याहून जास्त, आणि दोघांनाही भिणारी म्हणजे उरलेली सगळी. पण हे दोघेही जिला भीत अशी एकच बाई होती, पावणेपाच फूट उंचीची, आणि ती माझ्या नशिबी सासू म्हणून आली होती. मी त्यांना मामीजी म्हणायचो, त्या मला जवाईबापू म्हणायच्या. माहेर दवनीवाड्याचं, सासर आमगावच्या पुढचं, घरी धानाची शेती. आवाज असा, की धानाच्या एका बांधीतून चौथ्या बांधीतल्या रोवणी करणाऱ्या बाईला हाक मारावी. कानात कुजबुजायचं म्हटलं तरी त्यांना दुसरा आवाज नव्हता. लग्न ठरवताना त्यांनी माझ्या वडिलांना ओसरीतून आत नेऊन हळूच विचारलं होतं, ‘पोरगा पोलिसात आहे, मारतो काय हो कोणाले?’ आणि ते हळूच विचारणं बैठकीतल्या सगळ्या पाहुण्यांनी, शेजारच्या घराने आणि मी ऐकलं होतं. वडील म्हणाले, ‘छे, घाबरट आहे.’ त्यावर मामीजींनी समाधानाने सुपारी फोडली.

त्यांच्या चळवळीला कोणी चळवळ म्हणत नसे, डबा म्हणत. सुरुवात अगदी साधी. गावातल्या एका बाईच्या नवऱ्याला चौकशीसाठी उचललं, ती रडत मामीजींकडे आली, तेव्हा मामीजी भात वेळून घेत होत्या. रडणाऱ्या माणसाला काय सांगावं हे त्यांना कधीच कळत नसे, म्हणून त्यांनी भात, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी डब्यात भरली आणि एसटी पकडून ठाण्यावर गेल्या. दारातला शिपाई म्हणाला, असा कोणी माणूस इथे नाही. त्या म्हणाल्या, ‘बरं नसन. मंग आला की द्या.’ शिपायाने डबा घेतला. झालं. मामीजी व्हरांड्यात बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, ‘डबा घेतला. मंजे माणूस आत आहे.’ संध्याकाळी ठाणेदाराला तो माणूस नोंदवून घ्यावा लागला. एखाद्या वकिलाला जे अर्ज-विनंत्या करून जमलं नसतं ते वाटीभर डाळीने केलं. तिथून पुढे जंगलपट्ट्यातल्या कुठल्याही गावात कोणाला उचललं की निरोप कलेक्टर कचेरीच्या आधी मामीजींच्या चुलीपाशी यायचा.

कायदा त्यांना एकच माहीत होता आणि तो त्यांनी आपल्या भाषेत करून घेतला होता. ‘पाहुणा एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी कोर्टात.’ यावर एकदा एक साहेब चिडून म्हणाले, ‘बाई, हा काय आमचा जावई आहे का?’ मामीजींनी माझ्याकडे बोट केलं. मी तेव्हा त्याच ठाण्यात शिपाई होतो आणि त्या क्षणी भिंतीत शिरता आलं असतं तर शिरलो असतो. ‘तो माहा जवाई,’ त्या म्हणाल्या. ‘आत बसला तोही कोणाचा तरी जवाईच आहे ना साहेब? तुमी सोता कोणाचे जवाई नाही काय? आपल्या इकडं जवायावर हात टाकते काय कोणी?’ साहेब नवे होते, लग्नही नवंच होतं. ते आत जाऊन बसले. पुढे अधिक महिना आला तेव्हा तर त्या ओवाळायचं ताट, अनारसे आणि निरांजन घेऊन ठाण्यात आल्या. मला वाण दिलं आणि कोठडीत चोरीच्या आरोपाखाली बसलेल्या दोघांनाही दिलं. त्यातला एक ओवाळून घेताना रडला. दुसरा म्हणाला, ‘बाई, मी बिनलग्नाचा आहो.’ मामीजींनी त्याच्या अनारशातला एक परत काढून घेतला.

या सगळ्यात हाल झाले ते सासऱ्यांचे. घरातले सगळे डबे कुठल्या ना कुठल्या ठाण्यात, म्हणून ते बांधावर जेवायला भाकर फडक्यात बांधून न्यायचे. आमच्या लग्नात आहेर म्हणून आलेला, आमची दोघांची नावं कोरलेला तीन खणी डबासुद्धा मामीजींनी आमच्या घरून उसना नेला तो कायमचा. जिल्ह्यातल्या कितीतरी आरोपींनी माझ्या आणि माझ्या बायकोच्या नावाखाली जेवण केलं आहे.

मामीजी फक्त पोलिसांच्या मागे लागायच्या असं कोणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. जंगलवाल्यांनी एकदा खबऱ्या असल्याच्या संशयाने एका गावच्या पोलीस पाटलाला उचलून नेलं. ठाण्यात आम्ही सगळे नकाशे पसरून बसलो होतो. मामीजी डबा घेऊन जंगलाच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली जाऊन बसल्या, आणि झाडांकडे तोंड करून आपल्या त्या बांधीवरच्या आवाजात ओरडल्या, ‘त्याले बीपी आहे! भाजीत मीठ कमी टाकलं आहे! दुसरं काही खाऊ घालू नोका!’ दोन दिवस त्या तिथे बसल्या. तिसऱ्या दिवशी पाटील चालत आला, हातात डबा. झाकण नव्हतं. पाटील जिवंत आला म्हणून सगळं गाव नाचत होतं आणि मामीजी त्याला विचारत होत्या, ‘झाकण काऊन नाही आणलं?’ पुढे कित्येक वर्षं जंगलवाल्यांचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, ‘गरिबायसाठी लढतो म्हणते अन् झाकण ठेवून घेते.’

गोंदियाला त्यांचा एकदा सत्कार झाला. बायकांचा मोर्चा होता, शांततेसाठी. मामीजींना बोलायला उभं केलं. त्या शांततेवर सुरू झाल्या आणि लाखोळीची डाळ किती वेळ शिजवावी इथपर्यंत आल्या, पण मधल्या वाटेत त्यांनी पोलिसांचं, जंगलवाल्यांचं आणि पुढाऱ्यांचं जे काय केलं त्याला टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर एका हिंदी पेपरच्या पोराने विचारलं, ‘माताजी, मानवाधिकार के क्षेत्र में आप कब से हैं?’ त्यांनी मला बाजूला ओढलं. ‘हा कोनता अधिकार म्हणते?’ मी समजावून सांगितलं, माणसाचा, जेवायचा, मार न खाण्याचा, कोर्टापुढे उभं राहण्याचा. ‘मंग एवढा मोठा शब्द कायले? लेकराले समजन असा ठेवा लागत होता ना.’ सत्काराच्या शालीने त्यांनी लोणच्याची बरणी गुंडाळली आणि श्रीफळाची त्याच दिवशी चटणी केली. मानपत्राचं काय झालं ते सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, ‘डबा दिला असता तं कामी आला असता.’

ठाण्यात माझी जी थट्टा व्हायची ती वेगळीच. ‘अरे, तेरी सास आ गई,’ असं कोणी ओरडलं की अर्धा स्टाफ शर्टाची बटणं लावायचा. जाधव हवालदार म्हणायचे, ‘लोक म्हणतात जेल म्हणजे सासुरवाडी. याची खरोखरच आहे.’ मी हसायचो. आतून मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि लाजही वाटायची. दोन्हीपैकी एकही मी कधी बोलून दाखवलं नाही. घाबरट माणसाला गप्प राहण्याचे फायदे फार लवकर कळतात.

आता मंगरू. मंगरू जंगलपट्ट्यातला गोंड माणूस, हंगामात तेंदूपत्ता तोडायचा, मोहाची फुलं वेचायचा, उरलेल्या दिवसांत मजुरी. त्याचा गुन्हा असा, की एका रात्री बंदुका घेऊन आलेल्या लोकांना त्याच्या घरी भात शिजवून वाढला गेला. बंदूक दाराशी उभी असताना तांदूळ संपले असं कोण म्हणणार? बाजाराच्या दिवशी त्याला उचलून आमच्या ठाण्यात आणलं. त्याची बायको तशीच मामीजींकडे गेली. पण दुसऱ्या दिवशी मामीजी डबा घेऊन पोचायच्या आधीच बाहेरून आलेली पोलिसांचीच एक गाडी मंगरूला घेऊन गेली होती. कुठे, ते आम्हाला सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

ठाणेदारांनी मला आत बोलावलं. ‘तुझी सासू बाहेर आहे. डबा नाही म्हणालास तर माणूस कुठे गेला हे विचारत बसेल, मग पेपरवाले, मग कलेक्टर. डबा घे आणि रिकामा परत दे.’ मी डबा घेतला. तोच, आमच्या नावांचा. मागच्या खोलीत नेला. आता नीट सांगतो, कारण इथेच मी इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा चलाखी करत आलो आहे. रिकामा करायचा हुकूम होता, खायचा नव्हता. मागच्या अंगणात कुत्रं होतं, त्याला घालता आला असता. पण वरच्या खणाचं झाकण काढलं तर कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या. मामीजींच्या हातच्या कोचईच्या वड्या म्हणजे माझा जीव. खालचा भात, डाळ सगळं खाल्लं, वड्या शेवटी राखून ठेवल्या आणि त्याही खाल्ल्या. हातपंपावर डबा घासून, फडक्याने पुसून, लखलखीत करून बाहेर आणला.

मामीजींनी झाकण उघडून आत पाहिलं. वरच्या खणावरून बोट फिरवलं.

‘जेवला?’

‘जेवला मामीजी. पोटभर.’

‘वड्या बी?’

‘सगळ्या. आवडल्या म्हणाला.’

माझ्या मागे दारात ठाणेदार उभे होते. मामीजींनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खरोखरच बारीक झाला. ‘बरं. जेवला तं जेवला.’ आणि डबा पिशवीत घालून त्या निघून गेल्या. माणूस आत असताना व्हरांडा सोडून गेलेल्या त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. स्टाफ म्हणाला, सुटलो. मलाही तसंच वाटलं.

घरी गेल्यावर बायको बोलता बोलता म्हणाली, ‘आईची एक गंमत आहे, माहीत आहे काय तुम्हाला? ज्याच्यासाठी डबा न्यायचा त्याच्या घरी आधी विचारते, हा काय खात नाही. मग तेच एका खणात टाकते. डबा परत आला आणि तेवढंच उरलं असेल तर समजायचं, आपल्याच माणसानं खाल्लं. सगळं संपलं असेल तर पोलिसानं.’ मी विचारलं, ‘मंगरू काय खात नाही?’ ती म्हणाली, ‘कोचई. त्याचा घसा खाजवते म्हणे.’

म्हणजे त्यांना झाकण उघडताच कळलं होतं. मंगरू तिथे नाही हेही, आणि डबा कोणी खाल्ला हेही. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या आवाजात ते ओरडून सांगितलं असतं, तर साऱ्या बाजारात कळलं असतं, आणि मंगरूला आणून दाखवावं लागलं असतं. पण मग त्यांचा जावई खोटं बोलला हेही ओरडावं लागलं असतं. माझी नोकरी गेली असती, आमची मुलगी तेव्हा नुकतीच चालायला लागली होती. सगळ्या जिल्ह्यातल्या जावयांसाठी ओरडणारी ती बाई स्वतःच्या जावयासाठी गप्प राहिली. त्या आमगावला गेल्या, देवरीला गेल्या, गोंदियाला कचेरीच्या पायऱ्यांवर बसल्या, आणि जिथे जातील तिथे साहेबांचा एकच प्रश्न: ‘बाई, तो त्या ठाण्यात नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?’ उत्तर त्यांच्या पिशवीत होतं. ते त्यांनी बाहेर काढलं नाही. मंगरू दहा-बारा दिवसांनी रस्त्याच्या कडेला उतरवलेला सापडला. जिवंत होता. डाव्या कानाने पुढे त्याला कधी ऐकू आलं नाही.

चौकशी झाली, तीही मामीजींनी पायऱ्या झिजवल्या म्हणून. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, ‘मंगरू त्या दिवशी ठाण्यात नव्हता, इतक्या खात्रीने कसं सांगता?’ मामीजी म्हणाल्या, ‘अंदाजानं.’ अधिकाऱ्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, ‘आठवत नाही साहेब.’ प्रकरण तिथे संपलं.

परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या. खिडकीतून बाहेरच्या कापलेल्या बांध्या पाहू लागल्या. मग म्हणाल्या, ‘जवाईबापू, मी आज पहिल्यांदा खोटी बोलली.’

मी हातातली दोन तिकिटं घडी घालून खिशात ठेवली.

‘तुमी त्याले सांगजा. साहेबाले नाही, पेपरवाल्याले नाही. मंगरूले. आज नाही तं उद्या सांगजा. मी इचारणार नाही.’

त्यांनी खरंच कधी विचारलं नाही. फक्त त्या दिवसानंतर ठाण्यावर येताना त्या दोन डबे आणू लागल्या. ‘हा त्याचा. हा तुमचा. आपापला खाजा.’ स्टाफला वाटायचं, काय नशीबवान जावई. जाधव हवालदार तर माझा डबा उघडायला टपलेले असायचे. माझ्या डब्यात वरच्या खणात नेहमी कोचईच्या वड्या असायच्या, कोचईचा हंगाम नसला तर कुठून पानं आणायच्या देव जाणे. ते प्रेम होतं की शिक्षा हे मला कधीच समजलं नाही. बहुधा त्यांच्याकडे दोन्ही एकाच कढईत तळली जात असावीत. मी दर वेळी खायचो आणि डबा न घासता परत द्यायचो, एवढाच माझा प्रामाणिकपणा. माझी बदली झाली, पुन्हा बदली झाली, तिथेही त्या दोन-दोन एसटी बदलून यायच्या. पुढे गुडघे गेले, तेव्हा बायांच्या हाती पाठवायच्या. कोणत्याही गावची बाई ठाण्यात आली की आधी मला शोधायची, ‘तुमच्या सासूनं दिला,’ म्हणून.

मामीजी वारल्या हिवाळ्यात, धान मळून घरात आल्यावर. तेरवीला अंगणात माणसं मावत नव्हती. आणि लोक डबे घेऊन आले होते. कुठल्या कुठल्या ठाण्यांत, घरांत, शेतांत राहून गेलेले डबे, पोचे आलेले, कडी तुटलेले. सासरे ओसरीवर बसून एकेक डबा हातात घेऊन ओळखत होते. म्हणाले, ‘आता आले. आता मी कुठं जातो बांधावर?’ आणि मग त्यांनी तोंडाला धोतराचा सोगा लावला. जंगलातलं ते झाकण मात्र आलं नाही. आम्ही सगळ्यांनी मनात त्याची वाट पाहिली असावी.

पंगतीत माझ्या उजव्या हाताला मंगरू येऊन बसला. केस पांढरे झालेले, अंगावर धुतलेला सदरा. बसताना हसला. पंगतीत गोंगाट होता, वाढणारे ओरडत होते, आणि त्याचा डावा कान माझ्याकडे होता. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बोललो. पत्रावळीकडे पाहत मी त्याला सगळं सांगितलं. गाडी आली तेव्हा मी दारात होतो, डबा मी खाल्ला, वड्या मी खाल्ल्या, मामीजींना कळलं होतं आणि त्या माझ्यामुळे गप्प राहिल्या, साहेबांपुढे मला सगळं आठवत होतं. एकदाही न अडखळता सांगितलं. इतकं नीट मी आयुष्यात कधी बोललो नाही.

मंगरूने माझे ओठ हलताना पाहिले असावेत. त्याने समजल्यासारखी मान हलवली, वाढणाऱ्या पोराकडे हात केला आणि ओरडला, ‘अरे, इकडं भात आना! जवाईबापू मांगून राहिले!’

माझ्या पानावर भात पडला. मी तो खाल्ला.

मंगरू अजून आहे. बाजाराच्या दिवशी दिसतो, ओळख देतो, बायकोची विचारपूस करतो. त्याचा उजवा कान चांगला आहे. त्या कानाच्या बाजूला बसून त्याला हे सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.